मणी परदेशचे, हिशेब घरचा

पुनावळ्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. घरचा धंदा युरोपातून काचेचे मणी आणून विकण्याचा. सासऱ्यांनी सुरू केलेला, आता नवरा आणि दीर बघतात. त्या लिहितात, "मणी निवडणं, तोलणं, पुड्या बांधणं, गिऱ्हाइकांचे फोन, उधारीची वही, सगळं मी आणि जाऊबाई करतो. पण कुणी विचारलं की सासूबाई म्हणतात, सुना घरीच असतात. मला धंद्यात लक्ष घालायचं आहे. सुरुवात कुठून करू?"

ताई, सुरुवात तुम्ही केव्हाच केली आहे! राहिलं आहे ते कागदावर यायचं.

काचेचा धंदा तुमच्या भागाला नवा नाही. तुमच्याहून फार लांब नसलेल्या तळेगाव दाभाड्याला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा जमवायचा ध्यास घेतला आणि लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. त्या काळी आपल्या बायकांच्या हातातल्या कितीतरी बांगड्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून यायच्या. बांगड्या आणि मणी करणारं तिथलं याब्लोनेत्स गाव आज झेक देशात आहे, आणि मण्यांसाठी अजूनही प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन कारागिरांना गाव सोडावं लागलं. त्यांनी जर्मनीत बव्हेरियात नवी वस्ती वसवली आणि तोच धंदा पुन्हा उभा केला. भट्ट्या मागे राहिल्या, हातातली कला बरोबर गेली. व्हेनिसमध्येही मणी ओवायचं काम बायकाच करत. दारात बसून, लांब लांब सुयांचा झुबका हातात धरून, नगावर मजुरी घेऊन. म्हणजे मण्याचा धंदा बायकांच्या बोटांवर चालतो, ही काही आजची गोष्ट नाही.

आधी माल ओळखा. बारीक मण्यांचा नंबर जितका मोठा, तितका मणी लहान. ११ नंबरचा मणी १० नंबरपेक्षा बारीक असतो. नव्या माणसाकडून इथेच हमखास घोटाळा होतो. रंग काचेतच आहे की वरून चढवलेला, हे विकण्याआधी पाहा. चार मणी साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, मग ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळा. नखांचं पॉलिश काढायच्या पाण्यातही दोन मणी बुडवून बघा. रंग सुटला तर तो माल धुवायच्या ब्लाउजवर लावण्यासाठी विकू नका. ज्या मण्यांच्या भोकात आतून चांदीचा मुलामा असतो, ते दमट हवेत काळवंडतात, म्हणून ते हवाबंद डब्यात ठेवा. आणि एकाच नावाचा लाल दोन खेपांत थोडा वेगळा येऊ शकतो. प्रत्येक डब्यावर खेपेची तारीख घालाच, नाहीतर अर्ध्या साडीवर एक लाल आणि पदरावर दुसरा, असं झालं की गिऱ्हाईक तुटतं.

मग पडता भाव काढा. समजा, मालाची किंमत १,००,००० रुपये आणि वाहतूक-विमा ८,०००. कस्टमची ड्यूटी नुसत्या लाखावर नाही, १,०८,००० वर बसते. त्यावर आयजीएसटी. धंद्याची नोंदणी असेल तर तो पुढच्या करातून वळता होतो, पण तोवर पैसा अडकतोच. शिवाय न्हावा-शेव्याच्या क्लिअरिंग एजंटचे पैसे, गोदामाचं भाडं, घरापर्यंतचा टेम्पो. एवढं सगळं धरून किलोला काय पडलं ते लिहायचं, मग विक्रीचा भाव ठरवायचा. ऑर्डर देताना युरो ९० रुपये होता आणि पैसे भरताना ९५ झाला, तर ५,००० युरोच्या मालावर २५,००० रुपये जास्त जातात. घरात "या खेपेला काही उरलं नाही" असं म्हणतात, तेव्हा कारण पुष्कळदा इथे सापडतं.

न खपलेल्या रंगांची वेगळी यादी करा. कपाटात पडून राहिलेला जांभळा मणी म्हणजे बांधून ठेवलेल्या नोटाच. कोणता रंग उठतो, हे भाव करणाऱ्या पुरुषांपेक्षा पुड्या बांधणाऱ्या बाईला आधी कळतं. ऑर्डर देताना तुमचं मत का घ्यावं, याला एवढं कारण पुरे आहे.

आता कागद. आयात करायला विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड लागतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती ऑनलाइन पक्की करावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो. माल बंदरात आणि कोड बंद, म्हणजे रोजचं भाडं अंगावर. ही तारीख सांभाळायचं काम तुम्ही आपणहून मागून घ्या.

तुमच्या कामाला नाव देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पगार. तो दरमहा तुमच्या स्वतःच्या बँक खात्यात यावा, घरखर्चाच्या पैशात मिसळून नको. दुसरा, भागीदारी. त्यात नफ्याचा वाटा मिळतो, पण १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पुरता बांधलेला असतो, स्वतःच्या मालमत्तेसकट. २००८ च्या कायद्यातली मर्यादित दायित्वाची भागीदारी या बाबतीत सुरक्षित, पण तिचे कागद आणि खर्च जास्त. भागीदार होण्याआधी तीन वर्षांचा ताळेबंद आणि बँकेचं कर्ज बघायला मागा, आणि करारपत्र घरच्या सोडून दुसऱ्या एखाद्या सीएकडून वाचून घ्या. घरच्यांवर विश्वास नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. कोऱ्या चेकवर किंवा न वाचलेल्या जामीनपत्रावर मात्र सही करू नका, समोर कुणीही असो. धंद्यासाठी अंगावरचे दागिने गहाण ठेवायची वेळ आली, तर ते तुमच्याकडून उसने घेतले अशी नोंद पेढीच्या वहीत करून घ्या.

हे घरात बोलायचं कसं? भांडणाच्या सुरात नको, आणि सणासुदीला पाहुणे असताना तर मुळीच नको. आधी तीन महिने एक साधी वही ठेवा. रोज किती तास काम केलं, किती किलो माल निवडला, किती उधारी वसूल झाली, ते लिहा. जाऊबाईंचं कामही त्यांच्या नावाने लिहा, म्हणजे दोघींत तेढ येणार नाही. मग ती वही सासऱ्यांपुढे ठेवा. ज्यांनी धंदा उभा केला, त्यांना आकड्यांची भाषा लवकर समजते. सासूबाईंनाही विचारा, सुरुवातीच्या काळात मणी कोण निवडत होतं? उत्तर बहुधा त्यांच्याच हातांचं निघेल.

जाता जाता: मणी निवडताना ताटात ओला टॉवेल पसरा, ते घरंगळणार नाहीत. आणि रांगतं मूल घरात असेल तर निवडायचं काम दार लावून करा, पडलेला मणी झाडूने नव्हे, ओल्या फडक्याने टिपा.