थोरात सरांचं पद आठवतं, पद्धत का नाही?

डॉ. सुखदेव थोरात यांचं नाव आपल्या कार्यक्रमांत निघतं ते बहुधा ‘यूजीसीचे माजी अध्यक्ष’ म्हणून. अमरावती जिल्ह्यातला मुलगा बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकतो आणि पुढे देशाच्या उच्च शिक्षणाच्या खुर्चीवर बसतो, याचा अभिमान वाटणारच. पण हार घालून आपण मोकळे होतो. त्यांनी जातीचा भेदभाव मोजून दाखवला, ते काम पुढे कोण नेतंय?

‘मेरिट’वाल्यांना उत्तर देताना आपण चिडतो. सरांनी पॉल अटवेल यांच्यासोबत वेगळंच केलं. खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा: सवर्ण हिंदू, दलित, मुस्लिम. बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सवर्ण नावाच्या साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांशच! २००७ साली हे छापून आलं. यात कुठे शिवी नाही की घोषणा नाही, तरी ‘आता जात कुठे राहिली’ म्हणणाऱ्याची बोलती बंद होते.

त्याच वर्षी दिल्लीच्या एम्सवरचा थोरात समितीचा अहवाल आला. आपल्या मुलांना त्यांनी साधे प्रश्न विचारले. शिक्षक वर्गात कसे वागतात? तोंडी परीक्षेत जात काढतात का? हॉस्टेलात खोली कुठे मिळते? उत्तरांतून जे बाहेर आलं ते संस्थेने फेटाळलं. फेटाळायला तरी कागद समोर आला होता.

काही कार्यकर्ते म्हणतात, जखम आमची आणि पुरावाही आम्हीच द्यायचा? राग रास्त आहे. पण रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्यानंतर मोर्चे निघाले तेव्हाही व्यवस्था ‘वैयक्तिक कारण’ हाच शब्द पुढे करत राहिली. एकेकट्या मृत्यूला ती असं झटकते. शंभर मुलांची एकसारखी उत्तरं झटकणं तिला जड जातं.

यूजीसीच्या २०१२ च्या समता नियमावलीने प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितला. तुमच्या कॉलेजात तो कोण आहे? माहिती अधिकारात विचारा, पाच वर्षांत किती तक्रारी आल्या तेही विचारा. उत्तर ‘निरंक’ आलं, तर वही घेऊन हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये जा. नावं लिहू नका, फक्त उत्तरं लिहा.