निवडणुकीतील वृत्तपत्रे आणि शेतकरी मतदार

निवडणूक जवळ आली की तेरसारख्या गावीही वृत्तपत्रांची पाने फुगू लागतात. सभांची वर्णने, पुढाऱ्यांची छायाचित्रे, कोण कोणास सोडून कोठे गेला याच्या वार्ता यांस तोटा नसतो. परंतु मत कोणास द्यावे हे ठरविण्यास लागणारी माहिती त्यांतून शेतकऱ्यास मिळते काय, हा प्रश्न आमच्या सुज्ञ वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. ती पुरेशी मिळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वृत्तपत्र ही वस्तू या भागास सहज लाभलेली नाही. निजामी अमलात, १९३८ साली, आ. कृ. वाघमारे यांनी पुण्याहून ‘मराठवाडा’ पत्र काढले. संस्थानात त्यावर बंदी येताच ते नाव पालटून पुन्हा निघत असे. आज मताचा अधिकार आहे, पत्रे आहेत आणि तशी बंदीही नाही. मग उणीव कोठे आहे?

पहिली उणीव ही की, विकलेल्या जागेस बातमीचा पोशाख चढविला जातो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकर मतदारसंघातून उभे होते. त्यांच्या स्तुतीचा मजकूर निरनिराळ्या मराठी दैनिकांत अक्षरशः सारखा छापला गेल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. वृत्तपत्रीय जाहिरातींचा दाखविलेला खर्च मात्र ५,३७९ रुपये होता. जुलै २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशेबावरून नोटीस काढली; सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयीन निकाल काहीही असो, तीन पत्रांत एकच मजकूर आला तर तो तीन वार्ताहरांनी लिहिला नाही, एवढे वाचकास कळलेच पाहिजे. पैसे घेऊन बातमी छापणे हा निवडणुकीचा स्वतंत्र अपराध ठरवावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०१५ च्या अहवालात केली होती. ती अद्याप कागदावरच आहे.

दुसरी उणीव आम्हांस अधिक बाधक वाटते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असता मोंढ्यात त्याहून कमी दर मिळत होता. त्याच वेळी सभांतून एका बाजूने सहा हजारांची, तर दुसऱ्या बाजूने सात हजारांची भाषा झाली. हे आकडे ठळक छापले गेले. परंतु हमीभाव ठरविणे केंद्र सरकारच्या हाती आहे, मग हा वाढीव भाव कोणत्या तिजोरीतून येणार, आणि माल घेणार कोण, हे प्रश्न क्वचितच कोणी विचारले. ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के झाली ती १५ नोव्हेंबरास, मतदानाच्या पाच दिवस आधी. तत्पूर्वी, कांद्याची निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठली आणि ७ मे रोजी आपल्या मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले. बंदी उठली ही वार्ता सर्वत्र दिसली; तिच्यासोबत टनास ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क आहे, हे मात्र बारीक अक्षरांत गेले. खळ्यावरचा हिशेब त्या बारीक अक्षरांतच होता.

वार्ताहरांस सरसकट दोष देणे न्यायाचे नव्हे. तालुक्याच्या वार्ताहरास वेतन अल्प, आणि जाहिराती मिळविण्याचे कामही बहुधा त्याच्याच गळ्यात असते. ज्याच्याकडून जाहिरात आणावयाची त्यासच अडचणीचा प्रश्न कसा विचारावा? या दोन कामांची फारकत मालकांनीच केली पाहिजे.

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापण्याचे बंधन आहे. चिठ्ठी नसलेली पिशवी आपण घेत नाही. तीच सावधगिरी बातमीच्या बाबतीत बाळगावी. दोन पत्रे ताडून पाहावीत. पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे कायद्याने आवश्यक आहेत, ती पाहावीत. पैशाची बातमी दिसल्यास जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण समितीकडे लेखी तक्रार करावी. आणि आश्वासन वाचले की ‘कोणाच्या अधिकारात, कोणाच्या पैशाने, केव्हापासून?’ हे तीन प्रश्न संपादकास पत्राने विचारावेत. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरला. सभांतल्या आकड्यांशी तो ताडून पाहण्याचे काम वृत्तपत्रांनी निवडणुकीनंतरही सोडू नये, आणि वाचकांनी त्यांस सोडू देऊ नये.