दंडावरच्या तीन पट्ट्या

सुट्टीवर आलेला फौजी हळदीच्या मांडवात दिसला की आमच्या पूर्णा गावात त्याच्याभोवती घोळका जमतो. सध्या पोस्टिंग कुठे, सुट्टी किती दिवसांची, तिकडे थंडी कशी, हे सगळं विचारून होतं. पोरगा ग्रॅज्युएट आहे हे कुणाला ठाऊक असेल, तर पुढचा प्रश्नही येतोच. ‘‘एवढा शिकलास, मग अजून हवालदारच कसा?’’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या प्रश्नात निकाल आधीच लागलेला असतो : पदवी घेतली म्हणजे अधिकारी व्हायचं, आणि नाही झालास तर कुठेतरी कमी पडलास. मला हा निकाल मान्य नाही.

माझा भाचा २०१३ साली बारावीनंतर मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला ट्रेनिंग, मग कसम परेड, मग पलटण. जनरल ड्यूटीच्या जवानाला दहावीची गुणपत्रिका पुरते. त्याने मात्र नोकरीत राहून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं ते अशाच लोकांसाठी, ज्यांना रोज कॉलेजच्या बाकावर बसणं शक्य नाही. पुस्तकं ट्रंकेत असायची. परीक्षा वार्षिक सुट्टीत बसवावी लागायची, आणि पलटण फील्डमध्ये असली की एखादं वर्ष हातचं जायचं. पदवी मिळाली तेव्हा तो पंचविशीत होता. आज त्याच्या दंडावर तीन पट्ट्या आहेत. पुढे सुभेदार व्हायचं आणि पलटणीतूनच निवृत्त व्हायचं, असं त्याने विचार करून ठरवलं आहे.

त्याच्यापुढे वाटा नव्हत्या असं नाही, पण प्रत्येक वाटेला वयाचं कुंपण आहे. सीडीएस ही यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिच्यातून डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत, म्हणजे आयएमएत, अधिकारी व्हायला जायचं तर वय साधारण चोविसाच्या आत आणि उमेदवार अविवाहित हवा. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी आणखी एखादं वर्ष मिळतं. ड्यूटी सांभाळून शिकणाऱ्याच्या हाती पदवी येते तोवर हे दार बंद होत आलेलं असतं. जवानांसाठी खास वाट म्हणजे आर्मी कॅडेट कॉलेज. नौगावच्या जुन्या किचनर कॉलेजातून उभी राहिलेली ही संस्था १९६० मध्ये या नावाने सुरू झाली आणि १९७७ मध्ये डेहराडूनला गेली. तिथे दोन वर्षं नोकरी झालेल्या, वीस ते सत्तावीस वयाच्या जवानाला अर्ज करता येतो. निवड झाली की तीन वर्षं पदवीचं शिक्षण, त्यानंतर एक वर्ष आयएमए. म्हणजे घरी बायको आणि लहान लेकरू असलेल्या माणसाने पुन्हा चार वर्षं कॅडेट व्हायचं. पस्तिशीपर्यंत स्पेशल कमिशनची एक वाट उरते. पण या सगळ्या वाटांवर एसएसबी या अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची पाच दिवसांची निवड आहे. तिथे फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं समोर असली की गावच्या शाळेतून आलेला, दहा माणसं सहज हाताळणारा नाईकही गप्प होतो. काहीजण इथे अडतात, हे खरं आहे आणि ते दुखतंही. मात्र रँकमध्ये राहिलेला प्रत्येक पदवीधर इथे अडला म्हणून राहिला, असं समजणं चूक आहे.

शिकलेला माणूस आणि शिपायाचा गणवेश, ही जोडी महाराष्ट्राला नवी नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक लिहून अस्पृश्यतेच्या मुळावर घाव घातला. रामजी सकपाळ पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकले, लष्करी शाळेत शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक झाले. ते महूच्या छावणीत असतानाच १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. ज्या समाजाला गावातल्या शाळेने ओसरीवरही बसू दिलं नाही, त्याच्या हाती छावणीच्या शाळेने पुस्तक दिलं. त्या शिक्षणाच्या बळावर या माणसांना अधिकारी मात्र होता आलं नसतं. लढाऊ पलटणीत सुभेदार मेजरच्या वरचं पद तेव्हा गोऱ्यांसाठी राखलेलं होतं. भारतीय तरुणांना अधिकारी घडवणाऱ्या सँडहर्स्टचं दार उघडलं ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, आणि डेहराडूनची आयएमए सुरू झाली १९३२ मध्ये. वलंगकर आणि रामजी रँकमध्ये राहिले कारण दुसरा मार्गच नव्हता. तरीही त्यांच्या शिक्षणाचं काय झालं ते बघा. एकाने चळवळीचा पाया घातला, दुसऱ्याने देशाला घटनेचा शिल्पकार दिला. शिक्षणाचं मोल खांद्यावरच्या ताऱ्यांवरून ठरत असतं, तर ही दोन नावं आज कुणाला आठवली नसती.

स्वातंत्र्य येईपर्यंत ती भिंत पडली होती. कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले, रँकमधून वर आले आणि डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना कमिशन मिळालं. चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोळीबारात सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. ज्याला जायचं आहे त्याला जाता येतं, हे राण्यांनी दाखवून दिलं. म्हणूनच आज जो जात नाही, त्याचं न जाणं हाही त्याचा निर्णय असू शकतो, आणि तो आपण ऐकून घेतला पाहिजे.

भाच्याला मी सरळ विचारलं. तो म्हणाला, ‘‘मावशी, माझ्या सेक्शनमधली पोरं रात्री गस्तीला माझ्या मागून चालतात, ती काय माझ्या बी.ए.मुळे नाही. पण त्यातल्या एकाच्या आईची पेन्शन अडकली होती, तेव्हा अर्ज मी लिहिला. तो बी.ए.मुळे लिहिता आला.’’ सेक्शन म्हणजे साधारण दहा माणसं. कुणाच्या घरी जमिनीचं भांडण चालू आहे, कुणाला उंचीवर दम लागतो, कुणाचं लग्न मोडलं आहे, हे सगळं हवालदाराला ठाऊक असतं, कारण तो त्यांच्याबरोबर जेवतो आणि झोपतो. अधिकारी दोन-तीन वर्षांनी कधी स्टाफवर, कधी कोर्सला, कधी दुसऱ्या हेडक्वार्टरला जातो. जवान बाहेर गेला तरी परत आपल्याच पलटणीत येतो. पलटणीची आठवण त्याच्यापाशी साठते. नकाशा वाचणं, रेडिओ सेट, आता ड्रोन, कॉम्प्युटरवरची कागदपत्रं, नव्या पोरांना शिकवणं, या सगळ्यात शिकलेला हवालदार कंपनीच्या उपयोगी पडतो. फौजेलाही हे कळतं. एज्युकेशन कोरमध्ये पदवीधरांना थेट हवालदार म्हणून घेतात आणि पचमढीला तयार करतात. अमेरिकेच्या लष्करातही पदवी घेऊन सैनिक म्हणून येणाऱ्याला सुरुवातीलाच वरची श्रेणी देतात, आणि पुढे अनेकजण सार्जंट म्हणूनच राहतात.

पैशाचं बोलल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं, हवालदाराचं २९,२०० पासून आणि लेफ्टनंटचं ५६,१०० पासून. जवानाला मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० रुपये, अधिकाऱ्याला १५,५००. फरक मोठा आहे. नुसता पगार बघितला तर प्रत्येकाने एसएसबीच्या रांगेत उभं राहायला हवं. पण जवानाला पंधरा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसते, अधिकाऱ्याला वीस वर्षं लागतात. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला जवान चौतीस-पस्तिशीत पेन्शन घेऊन घरी येऊ शकतो. महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत गट ‘क’ आणि ‘ड’च्या पदांवर माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या गट ‘क’च्या नोकऱ्यांत तर पंधरा वर्षं नोकरी झालेल्या दहावी पास सैनिकाला पदवीधर मानतात. मग खरी पदवी कशासाठी? राजपत्रित पदासाठी. एमपीएससीच्या राज्यसेवेला विद्यापीठाचीच पदवी लागते. ट्रंकेतली पुस्तकं वाचणारे कितीतरी हवालदार हा हिशोब मनात ठेवून असतात : पहिली पंधरा-वीस वर्षं पलटणीला, पुढची आपल्या जिल्ह्याला.

हा हिशोब पूर्ण्यात राहणाऱ्याला लवकर समजतो. ठाणे-भिवंडी रस्त्यावर कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा, जिथे बघावं तिथे गोदामं. जिथे भात लावायचे तिथे आता कंटेनर वळतात आणि रस्त्याच्या मधोमध मेट्रो पाचचे खांब उभे आहेत. मुंबईकरांनी मोबाइलवर मागवलेला माल इथूनच निघतो. भिवंडीच्या बी.एन.एन. कॉलेजमधून बी.कॉम. होऊन निघालेल्या मुलाला इथे काम मिळतं, पण बहुतेक वेळा ते ठेकेदारामार्फत मिळतं : स्कॅनर हातात घेऊन बारा तास उभं राहायचं, किंवा सुपरवायझर म्हणून गाड्या मोजायच्या. कंपनीने गोदाम हलवलं की कामही हलतं. त्याच गोदामांच्या फाटकावर निळ्या शर्टात निवृत्त जवान उभे असतात. पेन्शन आहे, पण लेकरांची शिक्षणं बाकी आहेत, म्हणून ते उभे असतात. त्यांच्याबरोबरच्या ज्यांनी नोकरीत असताना शिकून घेतलं, ते बँकेत, तहसील कार्यालयात, पोलिसांत गेले. ज्यांना ते जमलं नाही किंवा कुणी सांगितलं नाही, ते फाटकावर आले. पदवीधर जवान स्वतःची तुलना लेफ्टनंटशी करतो असं आपल्याला वाटतं. तो ती या फाटकाशी करतो, आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेल्या आपल्या वर्गमित्राशी करतो. त्या तुलनेत त्याला पलटण सोडावीशी वाटत नाही, यात नवल काय?

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि हे गणित पालटलं. आता भरती चार वर्षांची, पहिल्या वर्षी महिना तीस हजार रुपये, चौथ्या वर्षी चाळीस हजार. शेवटी सेवा निधी मिळतो, पेन्शन नाही. प्रत्येक तुकडीतल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे पंधरा वर्षांसाठी घेणार. बाकीचे तेवीस-चोविसाव्या वर्षी घरी परतणार. या योजनेतून भरती झालेल्या अग्निवीरांच्या लष्करी प्रशिक्षणाला पदवीचे निम्मे श्रेयांक देणारा अभ्यासक्रम इग्नूने आखला, तो याचसाठी. माझ्या भाच्याने पदवी घेतली ती निवांत, पायाखाली पक्की नोकरी असताना. अग्निवीराला ती निवांतता नाही. चार वर्षांत शिकला नाही, तर तो परत येईल तो याच गोदामांच्या रांगेत. रँकमध्ये राहायचं की वर जायचं, हा प्रश्न भाच्याला पडू शकला, कारण राहणं त्याच्या हातात होतं. या मुलांपैकी बहुतेकांना राहायला मिळेल की नाही, हेच आधी ठरायचं आहे.

म्हणून गावाकडे आणि कॉलेजकडे माझं मागणं स्पष्ट आहे. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलांना धावण्याची वेळ सेकंदासकट पाठ असते. सीडीएसची वयोमर्यादा, आर्मी कॅडेट कॉलेजची अट, मुक्त विद्यापीठात प्रवेश कधी घ्यायचा, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. नाशिकरोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र सीडीएसच्या तयारीसाठी आहे. ठाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. कॉलेजने वर्षातून एक दिवस या लोकांना बोलवावं, सोबत आपल्याच भागातले दोन निवृत्त सुभेदार बोलवावेत, आणि ही माहिती मुलांना अठराव्या वर्षी द्यावी. पंचविसाव्या वर्षी ती कळून उपयोग नाही. एसएसबीसाठी लागणारं बोलण्याचं इंग्रजी शिकवणारी संध्याकाळची अभ्यासिका ग्रामपंचायतीला चालवता येईल. गोदामांमुळे इथल्या पंचायतींकडे कराचा पैसा येतो, त्याचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

एवढं केलं, तर ज्याला अधिकारी व्हायचं आहे तो वेळेत होईल. आणि सगळ्या वाटा ठाऊक असूनही जो दहा माणसांच्या सेक्शनमध्येच राहील, तो तिथे राहायचं ठरवून राहिलेला असेल. अशा माणसाला कमी पडला असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. सीमेवरच्या आपल्या पोरांना रोज सांभाळणारा माणूस शिकलेला आहे, समजूतदार आहे आणि स्वतःच्या मर्जीने तिथे आहे, याहून मोठा दिलासा त्या पोरांच्या आयांना दुसरा कुठला हवा?