नोंद कोणी ठेवायची?

सरकारी कचेरीतील टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसे बसलेली असतात. एका बाजूला शिक्का, संगणक आणि फाइल असते; दुसऱ्या बाजूला केवळ गरज असते. या दोघांत जे बोलणे होते त्याची नोंद पहिल्याने ठेवली तर ती ‘कार्यालयीन अभिलेख’ ठरते. दुसऱ्याने ठेवू म्हटले तर तो उद्धटपणा ठरतो. बेकारी भत्त्यासाठी अर्ज करणाऱ्या नागरिकाला रोजगार कचेरीतील आपल्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करण्याचा हक्क असावा की नाही, हा ब्रिटनमधील वाद वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. माझ्या मते तो क्षुल्लक नाही. कल्याणकारी राज्य नागरिकाला हक्क देते की भिक्षा घालते, याची कसोटी नेमकी याच ठिकाणी लागते.

या वादाला इतिहास आहे. ब्रिटनमध्ये १९०९ च्या कायद्याने रोजगार कचेऱ्या निघाल्या आणि १ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांचे दरवाजे उघडले. कामाच्या शोधात मजुराची होणारी वणवण थांबावी, हा त्यामागील हेतू होता. परंतु १९२१ साली भत्त्याला एक अट जोडण्यात आली : आपण ‘खरोखरीच काम शोधीत आहोत’ हे बेकाराने सिद्ध केले पाहिजे. गावातील कारखाने बंद आहेत की चालू, हे पाहण्याचे कारणच उरले नाही. काम नसल्याचा दोष बाजारपेठेचा. पुरावा मात्र बेकाराने द्यायचा! १९३० साली मजूर पक्षाच्या सरकारने ती अट काढून टाकली. पण १९३१ मध्ये घरातील भांडीकुंडी आणि मुलांची मिळकत तपासणारी मिळकत-चाचणी आली. त्या काळात बेकारांच्या राष्ट्रीय चळवळीचे कार्यकर्ते अर्जदारांची बाजू घेऊन अपील मंडळांसमोर उभे राहत. त्यांनी बेकाराला भाषणापेक्षा मोलाची गोष्ट दिली. तो आता एकटा राहिला नाही. त्याला साक्षीदार मिळाला.

ती जुनी अट नव्या वेषात परतली आहे. १९९६ पासूनचा ‘काम शोधणाऱ्याचा भत्ता’ आणि २०१३ पासूनचा एकत्रित भत्ता, या दोन्हींत अर्जदाराने दर आठवड्यास काय करावयाचे याचा करार लिहिला जातो आणि तो मोडल्यास भत्ता बंद होतो. २०१२ च्या नियमांनी ही शिक्षा तीन वर्षांपर्यंत लांबविली होती. २०१९ मध्ये ती मर्यादा सहा महिन्यांवर आणण्यात आली. सहा महिने! मुलाखतीची वेळ सांगितली होती की नव्हती, अर्जदाराने आजारपण कळविले होते की नव्हते, एवढ्यावर एका कुटुंबाची चूल पेटायची की विझायची हे ठरते. अपिलात अधिकाऱ्याची नोंद कागदावर असते. अर्जदाराची केवळ आठवण असते. कागद आणि आठवण यांच्या लढतीत कोण जिंकतो, हे आपल्याकडील कुळांना आणि ऊसतोड मजुरांना सांगावयास नको.

ब्रिटनमध्ये स्वतःच्या संभाषणाचे स्वतःच्या उपयोगासाठी ध्वनिमुद्रण करणे हा गुन्हा नाही. परंतु कायदा जे देतो ते नोकरशाही कसे काढून घेते, याचा नमुना अपंगत्व भत्त्याच्या तपासणीत पाहावयास मिळाला. अर्जदाराने ध्वनिमुद्रण करू म्हटले तर त्याने असे यंत्र आणले पाहिजे, की ज्यातून मुलाखत संपताच कॅसेटच्या किंवा सीडीच्या एकसारख्या दोन प्रती निघतील. मोबाइल अथवा लॅपटॉप चालणार नाही, असा दंडक कित्येक वर्षे होता. प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आहे अशा काळात अपंग माणसाला दुहेरी कॅसेटचे यंत्र धुंडाळावयास लावणे, ही नकार देण्याचीच सभ्य रीत होय. अखेर २०१८ साली पार्लमेंटच्या संबंधित समितीला अशी शिफारस करावी लागली की या तपासण्यांचे ध्वनिमुद्रण हाच नियम असावा, कारण अर्जदारांचा व्यवस्थेवरील विश्वास उडालेला आहे.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत गंभीर आक्षेप आपल्याच घरातून येतो. कर्मचारी संघटनांतील आपले सहकारी म्हणतात, कारकून हाही कामगारच आहे. त्याच्यापुढे सतत यंत्र रोखून धरले तर त्याने काम कसे करावे? या म्हणण्यातील वेदना खरी आहे आणि तिची टवाळी करणे समाजवाद्याला शोभणारे नाही. परंतु कारकुनाचा शत्रू कोण? भत्ता मागणारा, की वरून तोंडी हुकूम सोडून नामानिराळा राहणारा वरिष्ठ? संभाषणाची नोंद असेल तर ‘मला असे सांगण्याचा आदेश आहे’ हे कारकुनाचे वाक्यही तिच्यात राहील. नोंद नसेल तर चौकशीच्या दिवशी दोषी ठरणारा कारकूनच असतो. मर्यादा अवश्य घालाव्यात : नोंद स्वतःच्या संभाषणाची असावी, शेजारच्या अर्जदाराच्या दुःखाची नव्हे, तिचा उपयोग तक्रारीसाठी आणि अपिलासाठी व्हावा, कर्मचाऱ्याची चव्हाट्यावर विटंबना करण्यासाठी नव्हे. हक्काला मर्यादा घालणे निराळे आणि मर्यादेच्या नावाखाली हक्कच नाकारणे निराळे.

दुसरा आक्षेप असा की ध्वनिमुद्रणाने परस्परविश्वास नष्ट होतो. ज्या दोघांपैकी एक दुसऱ्याचे अन्न तोडू शकतो, त्यांच्यातील विश्वासाला आपण कोणते नाव देणार? मालकही संपाच्या वेळी विश्वासाचीच भाषा बोलतो. जर्मनीचे उदाहरण येथे सांगितले जाते. तेथे दुसऱ्याचे खाजगी बोलणे त्याच्या संमतीविना ध्वनिमुद्रित करणे हा दंडसंहितेप्रमाणे गुन्हा आहे. हे खरे, परंतु त्याच देशाच्या सामाजिक कायद्याने अर्जदाराला कचेरीतील भेटीस आपला साथीदार बरोबर नेण्याचा हक्क दिला आहे, हेही सांगितले पाहिजे. यंत्र नाकारले तर माणूस द्या. दोन्ही नाकारून अर्जदाराला एकटा बसविणे म्हणजे न्याय नव्हे, पेचात पकडणे होय. आणि आपल्याकडील मजुराने साक्षीदार आणायचा तर एका दिवसाची नव्हे, दोघांची रोजी बुडते, हेही विसरता कामा नये.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. १९७२ च्या दुष्काळातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून उभी राहिलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्याने हक्क झाली आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, हे त्याचे सार. आता पाहा : पंधरा दिवस कोणत्या दिवसापासून मोजायचे? अर्जाच्या तारखेपासून. तारीख कोठे आहे? पोचपावतीवर. म्हणून पोच दिली जात नाही! ‘काम निघाले की कळवतो,’ असे तोंडी सांगून मजुराला परत पाठविले की मागणीच उद्भवत नाही. मागणी नाही म्हणून भत्ता नाही. भत्ता नाही म्हणून योजना यशस्वी! २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही तारखेसह पोच देणे बंधनकारक केले. तरी भत्त्याचे कलम बहुतांशी कागदावरच राहिले. जेथे पावती नाकारली जाते, तेथे नाकारण्याचा शब्द टिपणे हीच मजुराची पावती होय. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासूनच्या जनसुनवाईत हजेरीपट जाहीर वाचून दाखविले, तेव्हा कागदाची मक्तेदारी प्रथम मोडली. शब्दाची मक्तेदारी मोडणे हे त्याचेच पुढचे पाऊल आहे.

कायदा आपल्या विरुद्ध नाही. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच ध्वनिमुद्रित संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्याखालील ‘निषिद्ध स्थान’ नाही, सबब तेथे केलेले चित्रमुद्रण त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितले. मग ग्रामपंचायतीची वा तहसील कचेरीची खोली त्याहून अधिक गुप्त कशी? चित्रीकरणास मनाई असल्याची पाटी दिसली, तर ती कोणत्या कलमाखाली लावली आहे हे कार्यकर्त्यांनी लेखी विचारावे.

पक्षाने याबाबत भूमिका घ्यावयास हवी. प्रत्येक अर्जाला जागच्या जागी तारखेची पोच. पोच नाकारल्यास नकाराचे लेखी कारण. अर्जदाराला साथीदार नेण्याचा आणि आपल्या संभाषणाची नोंद ठेवण्याचा निःसंदिग्ध हक्क. आणि तो बजावल्याबद्दल कोणाचेही काम वा भत्ता अडविल्यास शिक्षा, एवढ्या या मागण्या आहेत. कर्मचारी संघटनांना विरोधात ढकलून नव्हे, तर बरोबर घेऊन त्या पुढे नेल्या पाहिजेत.

गरिबाजवळ जमीन नसते, भांडवल नसते, ओळख नसते. त्याच्याजवळ त्याने ऐकलेला शब्द तेवढा असतो. तोही त्याच्या हाती राहू न देणारे राज्य स्वतःला कल्याणकारी म्हणवून घेत असेल, तर कोणाचे कल्याण, हे विचारण्याचा अधिकार आपण सोडता कामा नये.