खोगीर आणि खोगीरभरती

मराठी ऐतिहासिक कादंबरीतला घोडा नेहमी सज्जच असतो. नायक आज्ञा करतो, मोतद्दार लगाम हाती देतो, नायक रिकिबीत पाय ठेवून मांड टाकतो आणि पुढच्या वाक्यात धूळ उडू लागते. आज्ञा आणि मांड यांच्यामध्ये अर्ध्या घटकेचे जे कसबी काम झालेले असते, त्याला आपल्या गद्यात जागा नाही. ही उणीव केवळ तपशिलाची नसून दृष्टीची आहे, असे माझे मत आहे.

ग्रीक लेखक झेनोफन याने इ. स. पूर्व ४ थ्या शतकात अश्वारोहणावर एक छोटा प्रबंध लिहिला. तो स्वतः सेनानी होता, इतिहासकार होता. तरीही घोड्याची सफाई डोक्यापासून व आयाळीपासून सुरू करावी, कारण वरचा भाग मळका असताना खालचा घासणे व्यर्थ, हे सांगणे त्याला कमीपणाचे वाटले नाही. लगाम चढवताना डाव्या बाजूने जावे आणि घोड्याने तोंड न उघडल्यास अंगठा जबड्यात घालावा, हेही तो सांगतो. त्याच्या काळच्या ग्रीकांना रिकीब ठाऊक नव्हती. पण सेवकाच्या हातांकडे पाहण्याची नजर त्याला होती.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हते असे नाही. ते शब्दांत साठलेले आहे. जीन आणि तंग हे शब्द फारसीतून आले. रिकीब आणि नाल अरबीतून फारसीच्या वाटेने आले. दुमचीत शेपटीचा फारसी 'दुम' आहे, तर खोगीर म्हणजे मुळात घाम शोषून घेणारे. घोड्याबरोबर त्याचे शब्दही प्रवास करतात. इ. स. पूर्व १४ व्या शतकाच्या सुमारास मितन्नी देशच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा जो ग्रंथ हित्ती भाषेत लिहिला गेला, त्यात फेऱ्यांची मोजणी 'ऐकवर्तन', 'पंचवर्तन' अशा भारतीय-आर्य वळणाच्या शब्दांनी केलेली आढळते. तेव्हा हे शब्द परके म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले गेले, तरी लगाम लगामच राहिला. 'पर्याण'पासून आलेले 'पालाण' मात्र मागे पडले.

या शब्दांमागचा क्रम पाहिला म्हणजे त्यांचा अर्थ उमगतो. प्रथम खरारा, तो नुसत्या चकाकीसाठी नव्हे. पाठीवर चिकटलेला चिखल वा गवताची काडी खोगिराखाली राहिली, तर कोसभरात कातडी सोलून निघते. मग एकेक पाय उचलून खुरातला खडा काढायचा, नाल ढिली झाली नाही ना, हे पाहायचे. त्यानंतर नमदा आणि खोगीर किंवा जीन वशिंडाकडे किंचित पुढे ठेवून मागे सरकवायचे, म्हणजे खालचे केस आपल्या दिशेने बसतात. पुढून मागे, मागून पुढे कधीच नाही. तंग एका दमात आवळायचा नसतो. पुष्कळ घोडी तंग बसताना छाती फुगवून धरतात, म्हणून चार पावले चालवून तो पुन्हा कसावा लागतो. थंडीच्या दिवसांत लगामाचे लोखंड हातात धरून ऊबदार केल्यावरच तोंडात द्यावे. या प्रत्येक कृतीत एका मुक्या जीवाच्या वेदनेचा आगाऊ विचार आहे.

आता आपल्या भाषेने काय केले पाहा. 'खोगीरभरती' म्हणजे निरुपयोगी भर, असे आपण सर्रास लिहितो. खोगिरात काय कोंबले आहे ते वरून दिसत नाही, त्यामुळे कोणतीही चिंधी चालते, हा त्यामागचा समज. हा समज बघ्याचा आहे. घोड्याला विचाराल, तर आतली भरती हेच खोगीर. ती एका जागी गोळा झाली की तिथेच पाठ लागते. ज्या कामावर स्वाराचे सारे शौर्य तोललेले होते, त्यालाच आपण टाकाऊपणाचे प्रतीक केले. शिलेदार स्वतःच्या घोड्याचा धनी, बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावरचा स्वार. या दोघांचीही चरित्रे रंगली. पाठ राखणारा मोतद्दार मात्र अनामच राहिला.

मराठी न येणाऱ्या विद्यार्थ्यांना आपले साहित्य समजावून देताना ही पोकळी विशेष जाणवते. अनुवाद करू पाहणारा विचारतो, 'खोगीर आणि जीन यांत फरक काय?' कोश दोन्हींना एकच प्रतिशब्द देऊन मोकळा होतो. भरलेली मऊ गादी आणि चामड्याची घडीव बैठक यांतले अंतर पुसले जाते, आणि त्याबरोबर गरीब व श्रीमंत स्वारातलेही.

यावर उपाय विद्यापीठांच्या आवाक्यातला आहे. माथेरानात आजही घोडेवाले रोज सकाळी हेच काम करतात; सारंगखेड्याच्या बाजारात घोड्यांची पारख होते. कोशकारांनी तिथे जावे, नुसती नामे नव्हे तर क्रियापदे टिपावीत: काय कसतात, काय सैल सोडतात, कशावरून ओळखतात. ती माणसे यंत्रवाहनांपुढे हा व्यवसाय सोडू लागली, की हा कोश कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. आणि कादंबरीकारांना एवढेच सांगावेसे वाटते की नायकाला मांड टाकू देण्याआधी, तंग कोणी आवळला हे एकदा तरी सांगा.