पावसाळी किनारा व चाकांवरचें घर

अलीकडे आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत आणि पालकांच्या ओसरीवर एक विषय वारंवार ऐकूं येतो. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपुरापासून भिवंडीजवळच्या आमणे गांवापर्यंत ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता तयार झाला, आणि सावनेरच्या मुलांना समुद्र एकाएकीं जवळ आल्यासारखा वाटूं लागला. त्यांतच निजण्याची, स्वयंपाकाची व न्हाणीची सोय असलेल्या मोटारी, ज्यांस कॅराव्हॅन म्हणतात, त्या भाड्यानें मिळूं लागल्या आहेत. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं त्यांच्या पर्यटनाविषयीं स्वतंत्र धोरणही ठरविलें. विदर्भांतील शाळा उन्हाळ्यामुळें जूनच्या अखेरीस उघडतात, आणि कोंकणांत पाऊस बहुधा त्याआधींच येऊन ठेपतो. तेव्हां सुटीचे शेवटचे आठ दिवस कोंकणच्या पावसांत, चाकांवरच्या घरांत काढावे, असा बेत कित्येक घरीं शिजत आहे. ह्या बेताविषयीं आमचें मत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढें ठेवावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथमच सांगतों कीं, हा बेत आम्हांस आवडतो. आमच्याकडे वर्षभरांत जेवढा पाऊस पडतो, त्याच्या सुमारें तिप्पट पाऊस कोंकणपट्टींत पडतो. तांबडी माती, भाताचीं खाचरें, कड्यावरून कोसळणारें पाणी आणि त्यापलीकडे खवळलेला सागर, हें सर्व भूगोलाच्या पुस्तकांत वाचणें निराळें आणि डोळ्यांनीं पाहणें निराळें. परमेश्वरानें निर्माण केलेल्या सृष्टीचें हें रूप आमच्या मुलांनीं कां पाहूं नये?

शिवाय चाकांवरचें घर ही आम्हांस सर्वस्वीं नवी गोष्ट नव्हे. आमचे आजे-पणजे जत्रेस निघत ते रेंगींत किंवा दमणींत बसून. वर तट्ट्याचें छप्पर, खालीं कडबा, त्यावर सतरंजी, मागें डाळ-पिठाचीं गांठोडीं. सायंकाळीं गाडी सोडावी आणि चाकाच्या आडोशास तीन दगडांची चूल मांडावी. परंतु ती रेंगी निघे केव्हां? पिकें घरांत आल्यावर आणि वाटा वाळल्यावर. मध्यप्रांतांतील अंमलदार व मिशनरी तंबू घेऊन खेडोपाडीं फिरत, तेही हिंवाळ्यांत. साधुसंन्यासी चातुर्मासांत एके ठिकाणीं राहत. आणि ज्यांचें सारें आयुष्य समुद्रावर जातें, ते कोळी बांधव आजही पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. १ जून ते ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदीच असते. जाणती माणसें ज्या ऋतूंत थांबतात, त्याच ऋतूंत आपण निघणार आहों. म्हणून आपली तयारी इतरांहून अधिक असली पाहिजे.

तयारी म्हटली कीं मुलें रेनकोट, विजेरी व खाऊचे डबे मोजूं लागतात. तें सर्व हवेंच. परंतु खरी तयारी ती नव्हे. प्रथम रस्त्याचा विचार करावा. सातशें किलोमीटर एका दिवसांत तोडण्याची ईर्ष्या नसावी; सरळ रस्त्यावर गाडी हांकणाऱ्याचा डोळा लागतो, म्हणून वाटेंत एक मुक्काम घ्यावा. इगतपुरीजवळच्या सुमारें आठ किलोमीटरच्या बोगद्यानें सह्याद्रि सुखानें ओलांडतां येतो खरा, पण पुढें कोंकणांत वळणाचे रस्ते, खचणाऱ्या दरडी व नदीनाल्यांवरचे पूल लागतातच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरांत कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. म्हणून पावसांत रात्रींचा प्रवास करूं नये, हा पहिला नियम.

दुसरा विचार तळाचा. मोटार थेट वाळूंत नेऊन उभी करण्याची हौस अनेकांस असते. ओल्या वाळूंत चाकें रुततात आणि भरती वाट पाहत नाहीं. वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्ख मनुष्याचा प्रभूचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. तो घरास चाकें असलीं तरी लागू पडतो. तळ उंच व कठीण जमिनीवर, मालकाची परवानगी घेऊन द्यावा. नारळाच्या झाडाखालीं, डोंगराच्या उतारालगत किंवा खाडीच्या कांठीं देऊं नये. दारें-खिडक्या लावून आंत शेगडी पेटवूं नये. तिच्यापासून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो आणि निजलेला मनुष्य पुन्हा उठत नाहीं. गाडींतील मैलापाणी कोणाच्या विहिरीजवळ अथवा शेतांत सोडूं नये. आपण पाहुणे आहों, हें विसरूं नये.

तिसरा विचार समुद्राचा. आम्ही कोलार नदीच्या कांठचे लोक. नदीचा पूर पाऊस पडला कीं चढतो आणि पाऊस थांबला कीं उतरतो, एवढें आम्हांस कळतें. समुद्राची रीत निराळी आहे. तो दिवसांतून दोनदां चढतो व दोनदां उतरतो, आणि ही वेळ रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते. किनाऱ्यावरचे लोक तिथीस पाऊणनें गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी. हें गणित इयत्ता पांचवीच्या मुलासही यावें. मात्र तें स्थूल आहे, म्हणून छापील कोष्टक जवळ ठेवावें आणि स्थानिक माणसास विचारावें. ओहोटीचें पाणी कांहीं जागीं अरुंद पट्ट्यांतून वेगानें आंत ओढतें. तेथें पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. पावसाळ्यांत समुद्र पाहावा, त्यांत उतरूं नये.

कांहीं पालक म्हणतील, 'एवढें भय आहे तर जावेंच कशाला?' त्यांची काळजी आम्ही जाणतों; पण हें मत आम्हांस मान्य नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीस गेलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हां पावसाळा नव्हता आणि तीं मुलें लहानही नव्हतीं. आज ज्या मुलास आपण समुद्रापासून दूर ठेवूं, तें विसाव्या वर्षीं मित्रांबरोबर तेथें जाणारच, आणि तेव्हां त्याचा हात धरावयास आपण नसूं. भय दाखविण्यापेक्षां ज्ञान देणें हेंच खरें संरक्षण होय.

आतां आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रवासाच्या वहींत पुढें जाण्याचीं पानें सर्वजण भरतात. मागें फिरण्याचें पान कोणी लिहीत नाहीं. जुलै २०२२ मध्यें आमच्याच तालुक्यांत नांदा गोमुख येथें पुराच्या पाण्यांतून पूल ओलांडतांना एका कुटुंबाची गाडी वाहून गेली व माणसें प्राणांस मुकलीं. कोणास दोष देण्यासाठीं हें लिहीत नाहीं. असा प्रसंग आपणां सर्वांवर येतो. रजा संपत आलेली असते, पैसे भरलेले असतात, पलीकडे कोणी वाट पाहत असतें, आणि पाणी घोटाभरच दिसतें. त्या क्षणीं विवेक दुबळा होतो. म्हणून निर्णय घरींच, कोरड्या ओसरीवर बसून घ्यावा. वेधशाळेनें तांबडा इशारा दिला तर निघणार नाहीं. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर, तें कितीही उथळ दिसलें तरी, गाडी घालणार नाहीं. आणि बरोबरच्या माणसांपैकीं एकानेंही, मग तें सर्वांत धाकटें मूल कां असेना, 'थांबा' म्हटलें तर गाडी थांबेल. हीं तीन वाक्यें वहींत लिहून त्याखालीं घरांतील प्रत्येकानें सही करावी. भाड्याचे पैसे बुडतील, मुलें हिरमुसतील, तें सोसावें. समुद्र पुढच्या वर्षींही तेथेंच असेल.

विद्यार्थिमित्रांनो, ती वही तुम्हींच लिहावयास घ्या. नकाशा पाहा, तिथ्यांचें गणित मांडा, खर्च जोडा, आणि शेवटचें पान वडिलांपुढें ठेवा. ज्या घरांत हें पान लिहिलें जाईल, त्या घरच्या माणसांनीं खुशाल कोंकणास जावें आणि परत येऊन आम्हांस समुद्राची गोष्ट सांगावी.