घारापुरी : एकाच धक्क्यावरून पाहिलेले बेट

१/ पनवेलचा पर्यटक घारापुरी पाहण्यासाठी आधी रेल्वेने मुंबई गाठतो, गेटवे ऑफ इंडियाला तिकीट काढतो आणि सुमारे तासाभराच्या जलप्रवासानंतर पुन्हा आपल्याच जिल्ह्यात उतरतो. बेट रायगडच्या उरण तालुक्यातले. ओळख मात्र ‘मुंबईजवळची एलिफंटा’. प्रश्न केवळ वळशाचा नाही. या एका वाटेने बेटाचा इतिहासही आखूड केला आहे.

२/ पनवेल मुळात बंदर. मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी पूर्वी होडीने पनवेलच्या खाडीत येई आणि येथून बोरघाटाची वाट धरी. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली. १८६३ मध्ये रेल्वे कर्जतमार्गे बोरघाट चढली आणि हा जलमार्ग ओसरला. शहराने हळूहळू पाण्याकडे पाठ फिरवली.

३/ त्याच पाण्यात घारापुरी आहे. बेटाच्या किनाऱ्यावर भूमध्य सागरी प्रदेशातून आलेल्या मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. म्हणजे शिवलेणे कोरले जाण्यापूर्वीच येथे व्यापारी येत होते आणि उपासकही.

४/ इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने जिंकलेल्या ‘पुरी’चा उल्लेख येतो. पश्चिम समुद्राची लक्ष्मी असे तिचे वर्णन आहे. ही पुरी म्हणजे घारापुरीच, असे काही अभ्यासक मानतात. काहींना ती अन्यत्र वाटते. वाद मिटलेला नाही. मात्र घारापुरीचे नाव या वादात येते, ते तिच्या बंदरपणामुळे.

५/ मुख्य लेणे साधारणपणे सहाव्या शतकातले. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी बेटावर मिळाल्याने त्याचा संबंध त्या घराण्याशी जोडला जातो. सुमारे ६ मीटर उंचीचे त्रिमुखी शिल्प ‘त्रिमूर्ती’ म्हणून प्रसिद्ध आहे; वस्तुतः ते सदाशिवाचे आहे. तीन मुखे तीन देवांची नसून एकाच शिवाची होत.

६/ ‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगीजांचे, किनाऱ्याजवळच्या दगडी हत्तीवरून पडलेले. १८६४ मध्ये तो हत्ती हलविण्याच्या प्रयत्नात भंगला. जोडलेला हत्ती आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. हत्ती बेटावरून गेला, नाव राहिले; आणि ‘घारापुरी’ दुसऱ्या क्रमांकावर गेली.

७/ १९८७ मध्ये लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आजची सहल मात्र ठरलेली : शेतबंदरचा धक्का, छोटी गाडी, दुकानांमधून चढणाऱ्या पायऱ्या, पहिले लेणे, परतीची बोट. वरच्या टेकडीवरील तोफांपर्यंत थोडेच जातात, स्तूपाकडे त्याहून थोडे. मोराबंदर आणि राजबंदर ही गावे तर बहुतेकांच्या सहलीत नसतातच.

८/ गावकऱ्यांचे दैनंदिन व्यवहार मात्र उरण-न्हावा किनाऱ्याशी जोडलेले आहेत. स्वातंत्र्यानंतर तब्बल सात दशकांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, बेटावर कायमची वीज आली. सुमारे साडेसात किलोमीटरची ती समुद्राखालील केबल न्हाव्याच्या बाजूने टाकली गेली. वीज या किनाऱ्याने दिली. पर्यटक आणि त्याचा पैसा प्रामुख्याने त्या किनाऱ्यावरून ये-जा करतो.

९/ २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. प्रवासी आता पनवेलच्या दारात उतरणार आहे. अशा वेळी घारापुरीला या किनाऱ्यावरून नियमित, परवडणारी बोट नसणे अनाकलनीय आहे. बेलापूरहून प्रयोग झाले. प्रयोगाची सेवा व्हायला हवी. बेटावरही स्तूप, तोफा आणि तिन्ही गावे जोडणारी पायवाट हवी, आणि ती दाखविणारे वाटाडे तिथलेच हवेत.

१०/ यावरचा आक्षेप रास्त आहे : लहानशा बेटावर आणखी गर्दी कशाला? कचरा वाढेल, अवशेष तुडवले जातील. शिवाय १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या बोटीला झालेल्या भीषण अपघातानंतर सुरक्षेचा प्रश्न कोणालाही टाळता येणार नाही. म्हणूनच मागणी अधिक पर्यटकांची नाही. दैनंदिन संख्येला मर्यादा असावी, जीवरक्षक जॅकेटची सक्ती असावी. आणि जे येतील त्यांनी एका लेण्यात दाटी करण्याऐवजी दिवसभर बेटावर पसरावे.

११/ बंदर म्हणून घडलेल्या बेटाला एकच दरवाजा ठेवला की त्याची कथाही एकाच खोलीची होते. सदाशिवापुढे उभे राहण्यासाठी घारापुरीला जरूर जावे. मग पूर्वेच्या टेकडीवर चढावे. तेथून न्हाव्याचा किनारा दिसतो, आणि हे बेट कोणाचे शेजारी आहे हे कोणी सांगावे लागत नाही.